धावपट्टीवरच्या चार सोंगट्या

९ जानेवारी

भाऊजी,

अक्षर बघून दचकू नका, पत्र चुकीच्या पत्त्यावर आलेलं नाही. ह्यांचा उजवा अंगठा कपाटाच्या दारात चेमटला. पट्टी बांधली आहे, काही दिवस पेन धरता यायचं नाही. म्हणून तुमच्या बेटाच्या लढाईची फेरी ह्यांनी सांगितली तशी मी लिहून पाठवते आहे.

अकरा वर्षं या घरातून तुम्हाला महिन्याला एक कार्ड जातं, तुमच्याकडून एक येतं, आणि दोन्हींवर सोंगट्यांच्या हालचालींपलीकडे एक अक्षर नसतं, हे मला ठाऊक आहे. कार्डं पेटीत मीच टाकते. तेव्हा हेही तसंच कोरडं असायला हवं होतं. पण मला तसं लिहिता येत नाही. भाजीची यादी केली तरी खाली दोन ओळी जास्त होतात.

फेरी सदतीस, बेटाची बाजू. टेकडीवरच्या तोफा जागेवर. बंदरातली तुकडी एक घर वर. धावपट्टीवरच्या चार पालथ्या सोंगट्या तशाच.

बरोबर लिहिलं ना? मी हा पट इतकी वर्षं रोज पुसते, पण देवळाबाहेरच्या माणसाने कळस बघावा तसा.

वहिनी


१६ जानेवारी

दादा,

फेरी सदतीस, हल्ल्याची बाजू. उत्तरेकडून एक नवी तुकडी छत्र्यांनी टाकतो आहे. लक्ष्य: नदीच्या वळणावरचं घर. वाऱ्याची तारीख २२ जानेवारी. बाकी सगळे जागेवर.

वहिनी, हे तुमच्यासाठी. अंगठ्याला शेक द्या आणि दादाला कपाटाशी भांडू नको म्हणावं.

फेरी तुम्ही लिहिणार असाल तर थोडं समजून घ्या. दादाला विचारलंत तर तो नियमांची वही तुमच्या अंगावर टाकेल. हे बेट घ्यायचं ते आकाशातून, समुद्राची वाट बंद आहे. माझे लोक छत्र्यांनी उतरतात, आणि उतरला तो परत जाऊ शकत नाही. विमान खाली बसायला एकच जागा आहे, धावपट्टी. ती हातात आल्याशिवाय माझ्या लोकांना ना धान्य, ना औषध, ना परतीची वाट. दादाच्या सोंगट्या पालथ्या असतात. कुठल्या सोंगटीखाली फौज आहे आणि कुठली नुसती कोरी, फसवायला ठेवलेली, ते हल्ला केल्याशिवाय कळत नाही. धावपट्टीवर अशा चार आहेत. माझे लोक तिच्या तीन बाजूंना चौदा फेऱ्या पोटावर पडून आहेत. एकदा धाडस केलं आणि खाली फौज निघाली, तर सगळा डाव गेला. याआधीचे तीन डाव मी असेच घालवले.

वारा कसा मोजायचा ते नीट वाचा. पेपरात तापमानाचं कोष्टक येतं. तुमचं गाव नको, माझं नको, म्हणून आम्ही तिसरं धरलं आहे, कोष्टकातलं सर्वांत वरचं. ठरलेल्या तारखेच्या पेपरातलं कमाल तापमान बघायचं. दशांश चिन्हानंतर जो आकडा, तितकी घरं छत्र्या पूर्वेला वाहत जातात. फासे टाकले असते तर दोघांपैकी एक जण कधीतरी खोटं बोलला असता. पेपराला आमच्या लढाईचं काही पडलेलं नाही.

धाकटा


२९ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. फेरीची ओळ नव्हे, खालचं. या घरात इतकं मोठं पत्र कित्येक वर्षांत आलेलं नव्हतं.

अंगठा हळूहळू सुधारतो आहे. ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, धाकट्याला आशीर्वाद सांग आणि प्रकृतीला जप म्हणावं.

बावीस तारखेचा पेपर मी जपून ठेवला होता. तापमान १८.७. म्हणजे तुमचे छत्रीवाले सात घरं वाहत गेले आणि थेट समुद्रात पडले. मला फार वाईट वाटलं. मी तुमच्यासाठी एक दिवस आधीचा पेपरही बघितला, पण ती लबाडी झाली असती.

फेरी अडतीस, बेटाची बाजू. टेकडीवरच्या तोफा ओहोळ ओलांडून खाली, नदीच्या बाजूला. धावपट्टी तशीच.

तुमची खोली कशी आहे हो? हे कधी बोलत नाहीत आणि मला विचारायला तोंड नाही. पट मांडायला टेबल आहे का? जेवायची सोय काय? आमच्याकडे पट खिडकीशी आहे. सकाळचं ऊन आधी बंदरावर येतं आणि दहाच्या सुमाराला धावपट्टीवर. हल्ली मी त्यावरून वेळ ओळखते.

वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे पुढे लिहितो त्याचा राग मानू नका.

पहिली चूक. १८.७ हे किमान तापमान होतं. कमाल ३१.२. माझे लोक समुद्रात पडलेले नाहीत, ते दोन घरं सरकून शेतात उतरले आहेत. दादाने गेल्या अकरा वर्षांत रकाना चुकवलेला नाही. एकदा पेपरातच छपाईची चूक होती, तीसुद्धा त्याने पकडली होती.

दुसरी. तोफा ओहोळ ओलांडू शकत नाहीत. हा नियम दादाने स्वतः केला. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा या नियमावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो, तुम्हीच आमच्या मधे निरोप पोचवत होतात. हा पट त्याने मोजणी खात्यातल्या जुन्या नकाशाच्या कापडावर आखला, दोन प्रती केल्या, ओहोळ निळ्या शाईने दोनदा गडद केला, तो एवढ्यासाठीच. तो झोपेतही तोफा तिथून उतरवणार नाही.

तिसरी. दादा मला आशीर्वाद पाठवत नाही.

आणि अंगठ्याला चार आठवडे लागत नाहीत. काय झालं आहे?

खोलीचं विचारलंत. टेबल नाही. पट खाटेखाली असतो, फेरीच्या दिवशी बाहेर काढून जमिनीवर बसतो. खिडकी छापखान्याच्या मागच्या भिंतीवर उघडते. जेवण खानावळीत. तिथे माझी खुर्ची ठरलेली आहे, समोरची रिकामी असते.

धाकटा


१२ फेब्रुवारी

भाऊजी,

खरं सांगते.

एकोणतीस डिसेंबरला सकाळी हे पटाशी बसले होते. बंदरातली सोंगटी उचलली आणि ती हातातून पडली. मला वाटलं, पडली. मी खाली वाकून शोधायला लागले, आणि मला ह्यांचा पाय दिसला. चपलेतून निघून आडवा वळला होता. मी वर बघितलं. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अकरा दिवस दवाखान्यात होतो. घरी आणलं त्याच दिवशी तुम्हाला ते अंगठ्याचं पत्र लिहिलं.

डॉक्टर म्हणतात, काही परत येईल, किती ते सांगता येत नाही. समजतं सगळं. मी चहात साखर विसरले तर डाव्या हाताने कप माझ्याकडे सरकवतात.

का लपवलं? घरी आल्यावर मी ह्यांच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर पत्र लिहायची वही ठेवली आणि विचारलं, भाऊजींना कळवू का? ह्यांनी डाव्या हाताने वही ढकलून दिली. मी उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. मी समजले, नको म्हणताहेत.

हे झालं ह्यांचं. माझंही एक होतं. तुम्हाला न कळवता तुम्ही आला नाहीत, तर मी ह्यांना सांगू शकते की त्याला माहीत नाही. कळवून आला नसतात, तर मी ह्यांच्याकडे कशी बघणार होते?

आशीर्वाद माझ्या पदरचे होते. चुका सगळ्या माझ्या. तुमची कार्डं बंद पडू नयेत एवढंच मनात होतं. टपालाची वेळ झाली की हे दाराकडे मान वळवतात. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट आपणहून करतात.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

म्हणजे पुन्हा तेच.

आईच्या वेळी मला तार मिळाली ती आई गेल्यावर. चार दिवस ती अंथरुणावर होती आणि मी इथे कुठल्याशा वेळापत्रकातले आकडे तपासत होतो. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. जाळीच्या पिशवीत संत्री होती. तारेत काय लिहिलं होतं ते वाचूनसुद्धा वाटेत तिच्यासाठी संत्री घेतली होती, का ते मला आजही सांगता येत नाही. मी दादाला दारातच विचारलं, मला कळवावंसं वाटलं नाही? तो म्हणाला, नाही वाटलं. इतकंच. मी संध्याकाळच्या गाडीने परत फिरलो.

दोन महिन्यांनी त्याने या पटाची दुसरी प्रत आणि पहिल्या फेरीचं कार्ड पाठवलं. मीही फेरी पाठवली. बोलायला काही उरलं नव्हतं आणि बोलणं पुरतं तोडायचीही हिंमत नव्हती, म्हणून.

मला काय सोसेल आणि काय नाही, हे तुम्ही दोघं मिळून ठरवता. लहान होतो तेव्हा ठीक होतं. आता माझे केस पांढरे झाले आहेत.

फेरी थांबवू या. दादाची काळजी घ्या. तुम्ही घ्यालच.

धाकटा


२१ मार्च

भाऊजी,

महिनाभर मी तुम्हाला लिहिलं नाही. लिहायला बसत होते आणि उठत होते. या महिन्यात तुमचं कार्ड आलं नाही. टपालवाला आमच्या फाटकावरून पुढे गेला की हे मान परत वळवतात, आणि मग संध्याकाळपर्यंत कुठेच वळवत नाहीत.

सोबत एक कागद जोडला आहे. आधी पत्र वाचा, मग तो उघडा.

आई आजारी पडल्या त्याच्या पहिल्याच दिवशी ह्यांनी तुमच्यासाठी तार लिहिली. फॉर्म कचेरीतून आणलेला घरात होता. आईंना सोडून जाता येईना म्हणून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, धाव. मी चपला घालत होते तेव्हा आईंनी मला खुणेने बोलावलं आणि मनगट धरलं. तुम्हाला तीन वर्षांच्या बेकारीनंतर ती नोकरी लागली होती, अजून कायम व्हायचे होतात. त्या म्हणाल्या, "त्याला हातातलं सोडून पळायला लावू नकोस. मी काही आज जात नाही."

मी तारघरात गेले. रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोन माणसं होती. माझी पाळी आली आणि मी रांगेतून बाहेर पडले. घरी येऊन ह्यांना म्हणाले, केली.

मनात होतं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी आईंनी चार घास खाल्ले, म्हणून पुन्हा उद्या. तिसऱ्या दिवशीही मला वाटत होतं की आपण शहाणपण करतो आहोत. हे गाडीच्या प्रत्येक वेळेला फाटकात जाऊन उभे राहायचे. परत येऊन आईंना सांगायचे, निघाला असेल, वाटेत असेल. मला ते ऐकू येत होतं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. तुम्हाला मिळाली ती त्यानंतर केलेली तार.

तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, कळवावंसं वाटलं नाही? मी तुमच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच होते. ह्यांना त्या क्षणी कळलं. चार दिवस ते तुमच्यावर मनातून चिडलेले होते, धाकट्याला वेळ नसेल असं एकदा म्हणालेही होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, नाही वाटलं.

मी बोलायला हवं होतं. तांब्या खाली ठेवायला जितका वेळ लागतो तितक्यात बोलता आलं असतं. मी बोलले नाही. तुम्ही फाटकाबाहेर पडलात तेव्हाही नाही. नंतर ह्यांनी मला कधीही विचारलं नाही, तो फॉर्म कुठे आहे. अकरा वर्षांत एकदाही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भाऊजी. न विचारणाऱ्या माणसाबरोबर राहणं फार अवघड असतं. तो समोर बसलेला असतो आणि तरी आपण घरात एकटे असतो.

तुम्हा दोघांची कार्डं मी पेटीत टाकायची, पेटीतून काढायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज यात एखादी ओळ निघेल. कधी निघाली नाही. तेव्हा तुम्हाला न कळवण्याचं ठरवलं ते ह्यांनी नव्हे, आईंनीही नव्हे. मी. आणि अंगठ्याचं खोटंसुद्धा माझंच. एकदा हात बसला की चूकही सुबक होते.

आणखी एक. ती वही. पाट ह्यांच्या मांडीवर ठेवला तेव्हा पट त्याच पाटावर होता आणि मी वही पटावर ठेवली होती. परवा मी दुधाचा हिशेब तसाच वर ठेवला, तोही ढकलला. मग पटावरून हात फिरवला, ओहोळाच्या निळ्या रेघेवरून, पार समुद्रापर्यंत. ह्यांना वही नको नव्हती. वहीखालचा पट हवा होता. मी अडीच महिने उलटं वाचत होते.

पट पुसताना धावपट्टीवरच्या सोंगट्यांखाली काय आहे ते मी बघितलं आहे. सांगणार नाही, तेवढा नियम मलाही कळतो. पण तुमच्या जागी मी असते तर आणखी पोटावर पडून राहिले नसते.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

तारेचा फॉर्म मिळाला. अक्षर दादाचं आहे, नकाशावर गावांची नावं लिहितो तसं एकेक सुटं. "आई अत्यवस्थ. लगेच निघ." अकरा वर्षं उशिरा पोचली, पण पत्ता बरोबर आहे आणि माझ्या नावाची आहे.

निघतो आहे. बारा एप्रिलच्या सकाळच्या गाडीने.

दादाला वाचून दाखवा: फेरी अडतीस, हल्ल्याची बाजू. धावपट्टीवर हल्ला, तिन्ही बाजूंनी. वाऱ्याची तारीख नको. स्वतः येतो आहे.

तुमच्याशी काय बोलायचं ते मला ठरवता आलेलं नाही. दाराशी तांब्या घेऊन उभ्या राहू नका.

धाकटा


२४ एप्रिल

वहिनी,

पोचलो. कुलूप उघडलं तेव्हा खोलीत कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटलं. बघितलं तर माझीच चादर होती, जाताना घाईत तशीच टाकलेली.

त्या दहा दिवसांत मी तुमच्याशी मोजून बोललो. चहा द्या, औषध कुठे आहे, उशी सरकवू का. ते मुद्दाम होतं. मला तुमच्यावर रागवायचं होतं आणि ते तुमच्या घरात, तुमच्या हातचं खात जमवायचं होतं. सोपं नव्हतं. तुम्हीही माझ्यासमोर एकदाही रडला नाहीत, त्याबद्दल मी मनातून आभारी होतो.

पहिल्या दिवशी तुम्ही पाणी आणायला मागे गेलात तेव्हाचं तुम्हाला माहीत नाही. दादाने मला बघितलं आणि डाव्या हाताने पट माझ्याकडे फिरवला. ‘जेवलास का’ अशी खूण नाही, ‘कधी आलास’ अशी नाही. पट. मी खाली बसलो आणि धावपट्टीवरची पहिली सोंगटी उलटली. कोरी. दुसरी कोरी. तिसरी उलटताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, त्यामुळे ती कोरी आहे हे मला आधीच कळलं. चौथी त्याने स्वतः उलटली. मग हसला. अर्ध्या तोंडाने हसला, पण दादा एरवीही अर्ध्याच तोंडाने हसायचा.

त्याची नोंदवही मी नंतर बघितली. त्या चारही सोंगट्या पहिल्या फेरीपासून कोऱ्या होत्या. तीन वर्षं आणि वर काही महिने. धावपट्टी उघडी टाकून तो टेकडीवर तोफा घेऊन बसला होता, आणि मी कोऱ्या कागदाला घाबरून चौदा फेऱ्या गवतात पडून होतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही औषधं आणून परत आलात आणि आत भांडी लावत होतात. मी दादाला विचारलं, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस? वहिनीने केलं म्हणून?"  त्याने डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि मानेने स्वयंपाकघराकडे दाखवलं. हळू बोल. तिला ऐकू जाईल.

वहिनी, तो तुम्हाला विचारत नव्हता ते यासाठी. तुम्ही त्याचा अर्थ उलटा लावलात. वहीसारखाच.

मला राग आलेला आहे आणि तो काही दिवस राहील. पण तो घेऊन मी पुन्हा अकरा वर्षं बसणार नाही, इतका वेळ आता कुणाकडेच नाही. छापखान्यात सांगून ठेवलं आहे, पावसाळा संपला की लांब रजा घेणार. दादाला डाव्या हाताने लिहायला शिकवायचं आहे. अक्षर वाईट येईल. मी तपासीन.

नवा डाव मांडा. बेटाची पहिली फेरी तुमच्याकडून.

धाकटा


३ मे

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी फाटकातच होते. तिथेच उघडलं, तिथेच वाचलं. मग आत येऊन भांडी पुन्हा एकदा लावली, लावलेलीच होती तरी. हे पलीकडच्या खोलीतून बघत होते. मी बोट ओठांवर ठेवून दाखवलं. ह्यांनी मान खाली घातली, पोरासारखी. चोरी पकडली गेली म्हणून.

त्यानंतर आम्ही काही बोललो नाही. ह्यांना येत नाही आणि मला सुचेना. पण दुपारभर एकाच खोलीत बसलो होतो आणि मला एकटं वाटत नव्हतं. ते फार दिवसांनी झालं, म्हणून लिहिते आहे. एरवी तुम्ही गेल्यापासून घर पुन्हा मोठं झालं आहे. तुमची उशी मी अजून उचललेली नाही. तुमचा टॉवेल दोरीवर राहिला, तो वाळून कडक झाला तरी तिथेच आहे. न्यायला याल ना, म्हणून.

काल डाव मांडला. ह्यांनी सगळं डाव्या हाताने केलं, मला हात लावू दिला नाही. एकेका सोंगटीला पाच-पाच मिनिटं. तोफा टेकडीवर ठेवल्या आणि माझ्याकडे बघून ओहोळावर बोट आपटलं, पलीकडे नेलेल्या मला दिसल्या तर याद राख असं. पेपरातला कमाल तापमानाचा रकानाही मला दाखवून झाला. मी इतकीही अडाणी नाही, पण ऐकून घेतलं.

फेरी पहिली, बेटाची बाजू. तोफा टेकडीवर. एक तुकडी बंदरात, एक नदीच्या वळणावर. धावपट्टीवर ह्यांनी पुन्हा चार सोंगट्या पालथ्या ठेवल्या होत्या. ह्यांचा डोळा लागल्यावर मी त्यातली एक काढली, डब्यातून दुसरी आणली आणि तिथे सुलटी ठेवली. ती कोरी नाही. तिच्यावर ह्यांनी पूर्वी कधीतरी काळ्या शाईने एक माणूस काढला आहे, हात वर केलेला. ओ देतो आहे की थांब म्हणतो आहे, ते तुम्ही बघून ठरवा. जागे झाल्यावर ह्यांनी पट बघितला, मला बघितलं, आणि ती तशीच राहू दिली.

हे नियमात बसतं का ते कळवा. आणि फेरीच्या खाली दोन ओळी जास्त लिहीत जा.

तुमची,
वहिनी